सोपा ट्रेक, पण नेमका कोणासाठी सोपा?

पत्र थोडक्यात: कांदिवलीहून एका मैत्रिणीने लिहिलंय. वय 38, नोकरी करते, घरी नवरा, 11 आणि 5 वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. बिल्डिंगच्या ग्रुपवर "यावेळी हॉटेल नको, काहीतरी वेगळं करू" अशी चर्चा चालली होती आणि हिने उत्साहाच्या भरात लिहून टाकलं की बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सोपा ट्रेक करू, मी बघते सगळं. आता आठ मोठी माणसं आणि सहा मुलं अशी चौदा नावं आलीत, डिसेंबरातला एक रविवार ठरलाय आणि हिची झोप उडालीय. एकीला बिबट्याची भीती, एकजण विचारतेय चहा-नाश्त्याचं काय. दीर सह्याद्रीत फिरणारा, तो म्हणतो "वहिनी, नॅशनल पार्क म्हणजे काय ट्रेक आहे का, तिथे लोक बाबागाडी घेऊन येतात, त्यापेक्षा कळसूबाई करू." सासूबाई 67 वर्षांच्या, गुडघे दुखतात, त्या म्हणाल्या तुम्ही जा, मी घरी बसते. ती लिहिते, "ताई, खरं सांगू का, त्या नाही म्हणाल्या तेव्हा आधी मला सुटल्यासारखं वाटलं आणि मग दिवसभर वाईट वाटत राहिलं. मला एवढंच सांगा, सगळ्यांना झेपेल असा रूट कोणता? आणि काही झालं तर जबाबदारी माझीच ना?"

अगं, आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलू, कारण तो मोकळा झाल्याशिवाय रूट सांगून काही उपयोग नाही. तुझ्या चौदातली आठ माणसं मोठी आहेत. आठही जणं घर चालवतात, पोरांच्या परीक्षा, बँकेचे हप्ते, सोसायटीची भांडणं सगळं निभावतात. मग पार्काच्या गेटमधून आत गेल्यावर ती सगळी अचानक लहान कशी होतात आणि तू एकटीच मोठी कशी उरतेस? "मी बघते सगळं" हे लिहिलंस तू, पण त्यातलं "सगळं" तूच रोज थोडं थोडं वाढवत नेलंयस असं मला पत्र वाचताना वाटलं. चहाचं उत्तर तू द्यायचं, बिबट्याचं तू द्यायचं, कोणाचा पाय मुरगळला तरी तूच. असं नसतं. ग्रुपवर सरळ लिही की वेळ, जागा आणि तिकिटं मी बघते, आपापली मुलं, पाणी, औषधं आणि खाणं ज्याचं त्याने बघायचं. जिला हे चालणार नाही ती नाव मागे घेईल, घेऊ दे, चौदाचे दहा झाले तर तुझं काम हलकंच होईल.

आणि "काही झालं तर" म्हणताना तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात बिबट्या असतो, पण अशा सहलीत खरं जे होतं ते अगदी साधं असतं, कोणाचा पाय मुरगळतो, कोणाचं उन्हाने डोकं धरतं, माकड डबा पळवतं, नाहीतर एखादं पोर दोन मिनिटं दिसेनासं होतं आणि सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. ह्या सगळ्याची तयारी घरूनच करता येते, त्याच्याकडे येतेच.

आता रूट. सगळ्यांना झेपेल असा रूट नसतो गं. पाच वर्षांचं पोर, दिवसभर खुर्चीत बसणारी चाळिशीची बाई आणि परवाच हरिश्चंद्रगड करून आलेला तुझा दीर, ह्यांना एकच रस्ता सारखा कसा झेपेल? आपण करतो काय की आधी ठिकाण ठरवतो, पार्कातली कान्हेरीची लेणी गाठायचीच, आणि मग माणसांना त्या मापात कोंबायला बघतो. त्यापेक्षा परत फिरायची वेळ ठरव. साडेसात-पावणेआठला आत शिरलो तर साडेनऊला जिथे असू तिथून मागे वळायचं, मग अगदी पुढच्या वळणावर काहीतरी भारी आहे असं कोणी सांगितलं तरी. हे आधीच ग्रुपवर लिहून ठेवलंस की त्या क्षणी वाद होत नाही, कोण दमलं म्हणून वळलो असंही होत नाही, घड्याळामुळे वळलो एवढंच.

हिशोब करून बघ म्हणजे पटेल. मेन गेटपासून कान्हेरी साधारण 6 किलोमीटर, डांबरी रस्ता, सावली बरी आहे, सुरुवातीला जवळपास सपाट आणि शेवटाकडे चढ. रोज चालणारा माणूस सव्वा-दीड तासात जाईल. मुलांसोबत मात्र ताशी दोन-अडीच किलोमीटरच धर, कारण ती चालत नाहीत, ती थांबतात, काठी उचलतात, मुंगळा बघतात, शू लागते, भूक लागते. म्हणजे जायलाच अडीच-तीन तास, मग तिकीट काढून पायऱ्या चढून लेणी बघायची आणि परत तेवढंच. 12 किलोमीटर. दुपारी दोन वाजता पाच वर्षांचं पोर खांद्यावर, पाणी संपलेलं आणि नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, अशी रविवारची सांगता होते. दिराच्या दृष्टीने हा सपाट रस्ता आहे, त्याचं म्हणणं खोटं नाही. पण तुझ्या धाकट्याच्या पायांना तो कळसूबाईच आहे.

मग करायचं काय, तर माझ्या मते तुमच्या ग्रुपला सगळ्यात बरा पडेल तो बसचा मार्ग. कान्हेरीपर्यंत पार्काच्या आतून बस जाते, फक्त त्या दिवशी चालू आहे ना आणि पहिली किती वाजता सुटते हे आदल्या दिवशी विचारून घे, अशा सोयी बदलत असतात. सकाळी बसने वर जायचं, डोकं थंड आणि पाय ताजे असताना लेणी बघायची आणि उतरताना ज्यांना चालायचंय त्यांनी चालत यायचं, बाकीच्यांनी बसने. चालणारे सहा किलोमीटर उतरतील, बसवाले गेटजवळच्या बागेत आरामात बसतील, मुलांना वनराणी ही छोटी ट्रेन चालू असेल तर तीही आहे. बस मिळाली नाही तर कान्हेरी विसरायची, मेन रोडनेच दोन-तीन किलोमीटर आत जायचं, झाडं बघायची आणि मागे फिरायचं. तेवढ्यानेही सकाळ छान जाते, खरंच जाते.

कान्हेरीचं मी एवढं का म्हणतेय तर तिथे थांबत थांबत फिरता येतं. शंभराहून जास्त लेणी आहेत, इसवी सनाच्या आगेमागे कोरायला सुरुवात झाली आणि पुढे जवळपास हजार वर्षं तिथे बौद्ध भिक्खूंचा राबता होता. 3 नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, तिकीटखिडकीपासून फार लांब नाही, तेवढं बघून बसलं तरी येणं वसूल. मुलांना तारखा सांगत बसू नकोस, त्यांना पाण्याची टाकी दाखव. जवळपास प्रत्येक लेण्याला दगडात कोरलेलं स्वतःचं टाकं आहे, पावसाचं पाणी कातळावरच्या पन्हळींमधून त्यात उतरायचं. सोसायटीत टँकर आला की गच्चीवरून बघणाऱ्या पोरांना ही गोष्ट लगेच कळते. शिलालेखांमध्ये कल्याण, सोपारा, नाशिक इथल्या दान देणाऱ्यांची नावं आहेत, म्हणजे आपल्या वेस्टर्न-सेंट्रल रेल्वेवरचीच माणसं म्हणायची. आणि लेण्यांच्या बाहेर दगडातच कोरलेले बाक आहेत, ते सासूबाईंसाठी लक्षात ठेव, त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे. कान्हेरीचं तिकीट पार्काच्या तिकिटापेक्षा वेगळं असतं, पुरातत्त्व खात्याचं, तेव्हा दोन्ही हिशोबात धर नाहीतर तिथे सुट्ट्या पैशांवरून गोंधळ.

तिसरा पर्याय, खरं जंगल बघायचं असेल तर. पार्काचं निसर्ग माहिती केंद्र आहे, त्यांच्याकडून माहीतगार माणसासोबत नेचर ट्रेल होतात, शिलोंड्यासारख्या वाटांवर परवानगी घेऊन जाता येतं. पण हे चौदा जणांच्या आणि पाच वर्षांच्या पोराच्या पहिल्या सहलीला मी सुचवणार नाही. मोठ्या मुलांना आणि दिराला घेऊन पुढच्या महिन्यात वेगळं जा. पण एक गोष्ट ठामपणे सांगते, इंटरनेटवर कोणीतरी टाकलेल्या मॅपवरून, किंवा "मला एक आतली वाट माहितीय" म्हणणाऱ्याच्या मागून रस्ता सोडून आत शिरायचं नाही. हे राष्ट्रीय उद्यान आहे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं, परवानगीशिवाय वाटेल तिथे फिरणं हा गुन्हा आहे. तुळशी आणि विहार तलाव पार्काच्या हद्दीतच आहेत आणि मुंबईच्या पिण्याचं पाणी तिथून येतं, म्हणून तिकडे सहज फिरकू देत नाहीत ते बरोबरच आहे. आणि आत वारली लोकांचे पाडे आहेत, ती त्यांची घरं आहेत, अंगणात डोकावून फोटो काढू नका हे मुलांच्या आधी मोठ्यांना सांगायला लागतं.

रविवारच का ठरवलात? सगळ्यांना सुट्टी म्हणून, कळतं मला. पण सगळ्या मुंबईलाही तेव्हाच सुट्टी असते, आणि नाताळच्या सुट्ट्या लागल्या की पार्कात अक्षरशः जत्रा. शनिवार जमत असेल तर शनिवार कर. नाहीच जमलं तर रविवार, पण गेट उघडतानाच आत. डिसेंबरात मुंबईत सूर्यच सातच्या सुमाराला उगवतो त्यामुळे पहाटे पाचला अंधारात सगळ्यांना उठवायची गरज नाही, साडेसातला गेटवर म्हणजे पुष्कळ. सोमवारी पार्क बंद असतं, हे मी तुझ्यासाठी नाही, बाकीच्या वाचकांसाठी लिहितेय, कारण सोमवारची रजा टाकून मुलांना घेऊन थेट बंद गेटवर पोचलेली बरीच कुटुंबं असतात. महिना मात्र तू चांगला निवडलायस. पावसाळ्यात कातळ शेवाळाने निसरडे होतात, ओढ्यांना अचानक पाणी वाढतं, आणि मार्चनंतर उकाड्याने जीव जातो. डिसेंबर ते फेब्रुवारी हेच खरे दिवस, त्यात फेब्रुवारीच्या शेवटी गेलीस तर पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेले मिळतील, पण तोवर ऊन चढायला लागलेलं असतं.

झाडांची फार तयारी करू नकोस, पाच-सहा ओळखता आली तरी रस्ता बोलका होतो. साग तर सगळ्यांना कळतो. ऐन ओळखायला सोपा, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते, एकदा मुलांना हात लावायला दिलास की पुढचे शंभर ऐन तीच शोधतात. कारवीची झुडपं दिसतील, ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते हे सांग, मुलं लगेच बोटांवर मोजायला लागतात की पुढच्या वेळी आपण कितवीत असू. पक्ष्यांसाठी दुर्बीण विकत घेऊ नकोस गं, कोतवाल, हळद्या, तांबट हे नुसत्या डोळ्यांनी आणि कानांनी मिळतात, फक्त बडबड थोडी कमी हवी. पावसाळ्यानंतरच्या ह्या दिवसांत वाटेकडेच्या झाडांमध्ये जायंट वुड स्पायडरची भली मोठी जाळी असतात, ज्या मुलाला मोबाईल दिल्याशिवाय जेवण जात नाही ते मूल त्या जाळ्यासमोर दहा मिनिटं उभं राहिलेलं मी बघितलंय. ब्लूटूथ स्पीकर मात्र घरी. ह्यावर मी काहीही ऐकून घेणार नाही, अंताक्षरी खेळायची तर गच्ची आहे की.

आता बिबट्या. ज्या मैत्रिणीला भीती वाटते तिला हसू नका, पार्कात बिबटे आहेत आणि कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या मोजण्यांमध्ये पार्क आणि आसपासचा भाग धरून आकडा चाळीस-पन्नासच्या घरात येत आलाय. 2004 साली जूनमध्ये पार्काच्या भोवती लागोपाठ हल्ले होऊन माणसं गेली होती, ती आठवण तिच्या मनात असू शकते. त्यानंतर अभ्यासकांनी जे मांडलं त्यात एक मोठा मुद्दा असा होता की दुसरीकडून पकडलेले बिबटे आणून अनोळखी जंगलात सोडले की ते बिथरतात आणि गडबड वाढते. पुढे 2011 पासून वनखातं, अभ्यासक आणि साधे मुंबईकर मिळून "मुंबईकर्स फॉर एसजीएनपी" (एसजीएनपी म्हणजे आपलं हेच संजय गांधी नॅशनल पार्क) ह्या नावाने काम सुरू झालं, कचरा कमी करा म्हणजे कुत्री कमी, कुत्री कमी म्हणजे वस्तीत येणारा बिबट्या कमी, अशा साध्या गोष्टी लोकांना सांगायला लागले. तुमच्यापुरतं एवढं पुरे की तो मुख्यतः रात्रीचा आणि संध्याकाळचा प्राणी आहे, माणसांचा घोळका दिसला की तो आधी सटकतो. सकाळी उजेडात, मोठ्या रस्त्यावर, गप्पा मारत चौदा जण चालले असतील तर तुम्हाला तो दिसायची शक्यता जवळपास नाहीच (दिराला ह्याचंच वाईट वाटेल). नियम दोनच ठेव, लहान मूल एकटं मागे किंवा झुडपात जाणार नाही, शू लागली तरी मोठं माणूस सोबत, आणि ऊन कलायच्या आत सगळे बाहेर. तुमचा प्लॅन तसाही दुपारी बारापर्यंत संपतोय.

भीती वाटायचीच असेल तर माकडांची वाटू दे. प्लास्टिकची पिशवी कुरकुरली की ती येतात, हातात वेफर्सचं पाकीट असलेलं लहान मूल म्हणजे त्यांच्या दृष्टीने घरपोच डिलिव्हरी. सगळं खाणं झाकणाच्या डब्यात आणि डबे चेन लावलेल्या सॅकमध्ये. माकडाने काही ओढलं तर सोडून द्यायचं, खेचाखेची करायची नाही, दात दाखवून हसायचं नाही, त्यांना तो राग वाटतो. आणि खायला तर घालायचंच नाही, तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी काकू पुण्य म्हणून केळी घेऊन येणार बघ. माकड चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे, रेबीजच्या इंजेक्शनचं विचारायचं, उद्या बघू नाही. लेण्यांच्या कपारींमध्ये मधमाश्यांचं मोहोळ दिसलं तर आरडाओरडा नको, दगड नको, भरपूर सेंट मारून यायचं नाही.

खाण्याचं तू ठरवू नकोस म्हटलं खरं, पण सुचवू शकतेस. दशम्या, थालीपीठ, उकडलेली अंडी, चिक्की, संत्री. तेलकट नको, तहान लागते. पाणी मोठ्या माणसाला एक लिटर, मुलांना अर्धा, घरच्या बाटलीतून, गेटवर प्लास्टिकवरून अडवतात आणि अडवावंच. संत्र्याची सालंसुद्धा परत आणायची, "ती कुजतात की" असं म्हणणारे असतात, पण कुजायच्या आधी ती माकडांच्या हातात जातात.

बूट आदल्या आठवड्यात काढून एकदा घालून चाल. हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही. दोन-तीन वर्षं कपाटात पडलेल्या स्पोर्ट्स शूजचं सोल चालायला लागल्यावर तासाभरात तोंड उघडतं, मग ते ओढणीने बांधून लंगडत यायचं. नवीन बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालणं तेवढंच वाईट. फुल पँट, सुती कपडे, टोपी. आणि बायकांनो, बाथरूमचं आधी बोलून घ्या, लाजू नका, ह्या एका कारणासाठी कित्येकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग त्यांचंच डोकं दुखतं. गेटजवळच्या भागात सोय आहे, कान्हेरीपाशी आहे, मधल्या रस्त्यात धरून चालू नका. पाळी असेल तर कागदी पिशवी आणि झाकणाचा छोटा डबा सोबत, तिथे काही टाकायचं नाही.

मोबाईलला आत सगळीकडे रेंज मिळत नाही, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे आत जाण्याआधी तोंडी ठरव. मुलांच्या खिशात आईचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे, ती सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून ठेवा, आणि 112 तर आहेच. जमलं तर त्याआधीच्या एखाद्या शनिवारी तू आणि नवरा दोघंच जाऊन या, मुलांना घेऊन नाही. बस कुठून सुटते, पायऱ्या किती उंच आहेत, सावली कुठे आहे हे डोळ्यांनी बघितलंस की तुझी अर्धी धाकधूक तिथेच जाईल, आणि नवऱ्यासोबत सकाळी दोन तास निवांत मिळतील ते वेगळंच.

पत्र लिहिणारी बोरिवलीजवळ राहते म्हणून मी हे सगळं त्या पार्काचं लिहिलं, पण पुण्याला वेताळ टेकडी किंवा तळजाई, नाशिकला पांडवलेणी, पनवेलजवळ कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य, कुठेही जा, वेळ बघून वळायचं आणि सगळ्यात हळू माणसाच्या चालीने चालायचं हे तसंच लागू पडतं. मुंबईत ज्यांना अजिबात चढ नको त्यांनी माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघा, एकेकाळी तिथे कचऱ्याचं डम्पिंग होतं, आता दाट झाडी आहे आणि वाट सपाट.

दिराचं सोपं आहे. त्याला पटवायला जाऊ नकोस, त्याला काम दे. ट्रेकवाल्यांमध्ये पुढे एक लीड असतो आणि सगळ्यात मागे एक टेल, टेलच्या मागे कोणी राहता कामा नये एवढाच नियम. त्याला टेल कर. सगळ्यात अनुभवी माणूस मागेच लागतो, हे त्यालाही माहीत असणार. ताशी दोन किलोमीटरने पाच वर्षांच्या पुतण्याच्या मागून चालायला जो संयम लागतो तो कळसूबाईला लागत नाही, ते 1646 मीटर उंच असलं तरी. आणि त्याला खरंच कळसूबाई करायची असेल तर त्याने त्याचा ग्रुप करावा, ह्या सहलीवर मतदान नको.

राहिल्या सासूबाई. तुला सुटल्यासारखं वाटलं ह्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. चौदा माणसांचं ओझं घेतलेल्या बाईला पंधरावं माणूस कमी झालं की हायसं वाटणारच, त्यात सासू-सून काही नाही. मला प्रश्न वेगळा पडलाय. तू त्यांना विचारलंस की सांगितलंस? पत्रावरून तरी असं वाटतं की घरात ट्रेकचं बोलणं चाललं होतं, त्या ऐकत होत्या आणि कोणी काही म्हणायच्या आधीच त्यांनी "तुम्ही जा" म्हणून विषय मिटवला. आपल्याकडची मोठी माणसं बरेचदा असं करतात, कारण सगळे आपल्यासाठी थांबणार, आपल्यामुळे इतरांचा विचका होणार, ह्याची त्यांना गुडघ्यांपेक्षा जास्त धास्ती असते. मग तुम्ही म्हणता त्यांना यायचंच नव्हतं आणि त्या म्हणतात मला कोणी विचारलंच नाही, आणि दोघांचंही खरं असतं.

तेव्हा एकदा नीट विचार, सगळ्यांसमोर नाही, स्वयंपाकघरात दोघीच असताना. आणि "येता का" असं नुसतं नको, प्लॅन सांगून विचार, की आई, वर बसने जायचं, काही पायऱ्या आहेत त्या झेपल्या तर चढायच्या, नाहीतर खालीच सावलीत बसायचं, मी किंवा तुमचा मुलगा कोणीतरी सोबत असेल, उतरताना पुन्हा बसने, तुमच्यासाठी कोणी थांबणार नाही आणि तुम्हालाही कोणासाठी पळायचं नाही. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त त्रास देतं म्हणून काठी हवीच, आणि त्यांच्या डॉक्टरांना आधी एकदा विचारून घ्या, पायऱ्या चालतील का. वर पोचल्या तर ते दगडी बाक आहेतच. त्यांना तिथे बसवून "आई, तुम्ही आराम करा हं" असं दर पाच मिनिटांनी येऊन विचारू नका म्हणजे झालं, आणि सगळ्यांच्या सॅक त्यांच्याभोवती रचून त्यांना सामानाची राखण करायला तर मुळीच बसवू नका.

एवढं होऊनही त्या नाही म्हणाल्या तर ते नाही खरं समज आणि परत गळ घालू नकोस. कारण असंही असू शकतं की पाच माणसांच्या घरात रविवारची अख्खी सकाळ एकटीला मिळणार, टीव्हीचा रिमोट हातात, कोणाला नाश्ता विचारायचा नाही, ह्याचाच त्यांना मनापासून आनंद झालाय. तसं असेल तर फक्त एक कर, आयत्या वेळी "हा फार किरकिर करतोय हो" म्हणून धाकट्याला त्यांच्यापाशी ठेवून जाऊ नकोस.